विश्लेषण : वाद्यवृंदातील चरणजित सिंग १९८२ मध्ये एकटेच का वाजवू लागले?

हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात हयात घालवलेल्या या वादकाने तीन जपानी यंत्रे जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ती तबकडी तेव्हा कुणी फारशी विकत घेतली नाही. अठ्ठावीस वर्षांनी मात्र ती युरोपात पुन्हा निघाली आणि एका वेगळ्याच वादाचे कारण ठरली.

लग्नसराईत शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या गावात हळदीच्या रात्री गेले, की बेंजो पार्टीचा आवाज वेशीवरच ऐकू येतो. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सोबत ढोल-ताशा. जिथे बेंजो नाही तिथे डीजे असतो आणि त्याच्या स्पीकरच्या भिंतीतून छातीत घुमणारा खोल ‘बूम’ बाहेर पडतो. पार्टीचे नाव टेम्पोवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते, पण कीबोर्डवर बसलेल्या माणसाचे नाव मांडवातल्या कुणाला ठाऊक नसते. तो फर्माईश येईल ते वाजवतो, रात्रीचे ठरलेले पैसे घेतो आणि दुसऱ्या गावाच्या सुपारीला निघतो.

कसारा लोकलने मुंबईत उतरले, तर चित्रपटसृष्टीतल्या वादकांचेही काही दशकांपूर्वी थोड्याफार फरकाने हेच होते. स्टुडिओ मोठा, माणसे शंभरेक, आणि तबकडीवर नाव संगीतकाराचे, गीतकाराचे, गायकाचे. वाजवणाऱ्याचे नाही. चरणजित सिंग या गर्दीतलेच एक. त्या यंत्रातल्या ‘बूम’शी त्यांचा संबंध मात्र डीजेचा जमाना येण्याच्या कितीतरी आधीचा.

चरणजित सिंग कोण होते?

मुंबईत राहणारे, साठच्या दशकापासून हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे वादक. शंकर-जयकिशन, एस. डी. बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा सगळ्या मोठ्या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. वाद्येही एक नव्हे. बास गिटार, हवाईयन गिटार, इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आणि ट्रान्झिकॉर्ड. हे शेवटचे वाद्य दिसायला अकॉर्डियनसारखे, पण त्याला हवेचा भाता लागत नाही, आवाज विजेवर निघतो. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’मध्ये ट्रान्झिकॉर्ड आहे आणि तो चरणजित सिंग यांनी वाजवलेला आहे. गाणे देशभर माहीत आहे, पण वाजवणारा कोण ते तबकडीवर कुठेच आले नाही.

त्या काळच्या स्टुडिओत नवे वाद्य आणणारा वादक भाव खाऊन जाई. केर्सी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर आणला, तेव्हा संगीतकारांना तो आवाज हवाहवासा झाला. परदेशातून आणलेले एखादे यंत्र म्हणजे वादकाच्या हाती आलेला रोजगारच. चरणजित सिंग यांचा यंत्रांचा नाद या धंद्यातूनच वाढलेला होता. त्यात कुणाविरुद्ध बंड नव्हते. लग्नसमारंभांत आणि पार्ट्यांत वाजवणारा त्यांचा स्वतःचा बँडही होता, आणि एचएमव्हीसाठी गाजलेल्या चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्याही त्यांनी केल्या होत्या. अशा तबकड्यांना तेव्हा बऱ्यापैकी मागणी असे. हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, रेडिओच्या रिकाम्या वेळात त्या वाजत. गाणे ओळखीचे आणि शब्द नाहीत, एवढीच त्यांची अट.

मग वेगळे काही करावेसे का वाटले?

कारण डिस्को. १९८० च्या ‘कुर्बानी’तल्या ‘आप जैसा कोई’ने आणि १९८१ च्या ‘डिस्को दीवाने’ या अल्बमने हिंदी संगीताचा ठेका बदलला होता. दोन्हींमागे बिद्दू हे संगीतकार आणि गायिका नाझिया हसन. १९८२ अखेर बप्पी लाहिरींचा ‘डिस्को डान्सर’ आला. स्टुडिओत रोज डिस्को वाजत होता आणि तो वाजवणाऱ्यांत चरणजित सिंगही होते. सगळ्या चित्रपटांत हाच ठेका असेल, तर त्या ठेक्यावर चित्रपटाबाहेरचे काही का वाजवू नये, असा त्यांचा हिशेब होता. तबला बाजूला ठेवायचा, ठेका यंत्राला द्यायचा आणि वर चाल चित्रपटाची नव्हे, रागाची.

हिशेब साधा होता, पण तो मांडणारा माणूस चाळिशीतला होता, गाठीशी वीसेक वर्षांची स्टुडिओतली नोकरीवजा वादकी होती. युरोपात बँड सोडून एकट्याने प्रयोग करणाऱ्यांची वाट वेगळी असे. जर्मनीतल्या क्लाउस शुल्झे यांनी १९७० मध्ये ‘टँजेरिन ड्रीम’ हा बँड सोडला, १९७२ मध्ये पहिला एकल अल्बम काढला आणि पुढची पन्नास वर्षे तेच केले. त्यांच्या मागे तशा संगीताला घेणारा श्रोता होता. मुंबईत असा श्रोता नव्हता, आणि चरणजित सिंग यांनी वाद्यवृंद सोडलाही नाही. रोजचे काम सांभाळून त्यांनी घरी यंत्रे जुळवली.

ती तीन यंत्रे नेमकी काय करतात?

तिन्ही यंत्रे जपानच्या रोलँड कंपनीची. चरणजित सिंग यांनी सिंगापूरला ती पाहिली आणि विकत घेतली. बाजारात ती नुकतीच आली होती.

पहिले टीआर-८०८. हे ढोलकीवाल्याची जागा घेणारे यंत्र, १९८० मध्ये आलेले. यात खऱ्या ड्रमचा आवाज साठवलेला नाही. विजेच्या मंडलातूनच ‘धप’, ‘छिक’ असे आवाज तयार होतात. म्हणूनच ते खऱ्या ड्रमसारखे वाटत नाहीत, आणि त्यामुळेच कंपनीला ते फारसे विकता आले नाही. १९८३ मध्ये उत्पादन थांबले तोवर सुमारे बारा हजार यंत्रे निघाली होती. पण त्याच्या खोल बासड्रमने पुढे जगभरच्या नाचाच्या संगीताचा पाया घातला. आज हळदीच्या डीजेमधून येणारा ‘बूम’ याच घराण्यातला.

दुसरे टीबी-३०३. गिटारवादकाला सरावासाठी बासवाला मिळाला नाही, तर त्याच्या जागी हे लावायचे, एवढाच त्याचा हेतू. सोळा घरांचा एक आवर्त भरायचा, कुठल्या घरात कोणता स्वर, कुठे जोर, कुठे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायचे हे ठरवून द्यायचे, की यंत्र तेच फिरून फिरून वाजवते. बास गिटारसारखा आवाज मात्र त्यातून कधी निघालाच नाही. निघाला तो एक चिकट, कुरकुरता, पाण्यातून बुडबुडे यावेत तसा आवाज. १९८४ मध्ये हेही बंद पडले.

तिसरे ज्युपिटर-८, मोठा आणि महाग सिंथेसायझर. त्यावर हाताने वाजवायचे. पण त्याला ८०८ च्या ठेक्याशी बांधता येत होते, म्हणजे पट्ट्या दाबून धरल्या की तेच स्वर यंत्र ठेक्यात उलगडत जाई. ठेका, बास आणि स्वरांचे आवर्त तिन्ही एका घड्याळावर. वर चाल वाजवायला उजवा हात मोकळा. शंभर जणांच्या वाद्यवृंदात बसणाऱ्याला पहिल्यांदाच सगळा वाद्यवृंद स्वतःच्या टेबलावर मिळाला होता.

राग त्यात बसले कसे?

खरी गंमत इथे आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या गाण्यात खालचे स्वरसमूह सतत बदलत राहतात. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाचा अर्धा खटाटोप त्याचसाठी असे. रागाला ते लागत नाही. एक षड्ज धरला की तो हलत नाही, तंबोरा तेच चार सूर तासभर छेडतो आणि सगळी हालचाल वरच्या सुरावटीत होते. फिरून फिरून तेच वाजवणाऱ्या यंत्राला याहून सोयीचे संगीत कोणते? ३०३ इथे तंबोऱ्याच्या जागी बसते, फक्त हा तंबोरा नाचरा आहे.

एकच आवर्तन न थकता चालू ठेवायचे, ही कल्पना या मातीला परकीही नाही. शहापूर-मुरबाडच्या वारली पाड्यांवर तारप्याभोवती नाच फिरतो, तेव्हा वाजवणारा श्वास तोडत नाही, सूर अखंड राहतो, आणि त्या अखंडपणावरच नाचणाऱ्यांची साखळी गोल गोल फिरत राहते. चरणजित सिंग तारप्याकडे पाहून काही शिकले, असा याचा अर्थ नाही. पण जे संगीत पुढे ‘यंत्रयुगाचे’ म्हणून गाजले, त्याची बैठक यंत्राआधीची आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

दुसरी गोष्ट घसरीची. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याची मींड गेली, तर राग कवायत होतो. पट्टीच्या वाद्याची हीच अडचण. हार्मोनियमला आकाशवाणीने कितीतरी वर्षे दूर ठेवले होते, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. ज्युपिटर-८ वर मात्र स्वर घसरत नेण्याची सोय होती आणि ३०३ मध्येही. हवाईयन गिटार वाजवणाऱ्याचे सगळे आयुष्य तारेवर लोखंडी पट्टी सरकवण्यात जाते. अशा माणसाच्या हाती ही दोन यंत्रे पडली, हा योगायोग तबकडीभर ऐकू येतो.

तबकडीचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. राग दहा : भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. एकेक साधारण पाच मिनिटांचा. सुरुवातीला ठेक्याशिवाय थोडी आलापी, मग ८०८ सुरू होते आणि शेवटपर्यंत थांबत नाही. भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच स्वरांचे राग. स्वर कमी, मोकळी जागा जास्त, त्यामुळे यंत्राच्या आवर्तात ते विशेष शोभतात. ललतसारख्या रागात, जिथे दोन मध्यम शेजारी शेजारी येतात, तिथे ऐकणारा क्षणभर चमकतो. मैफल भैरवीने संपते, ही तबकडी भैरवीने सुरू होते. जाणकाराने नाक मुरडावे अशी ही गोष्ट आहे. पण मैफलीचे नियम पाळायला ही मैफल नव्हतीच.

शास्त्रीय संगीत म्हणून ते किती चांगले आहे? फार नाही, असेच म्हणावे लागेल. पाच मिनिटांत रागाची बढत होत नाही आणि ताना काही ठिकाणी ठेक्याच्या धाकाने सरळ झाल्या आहेत. नाचाचे संगीत म्हणून ते १९८२ च्या मानाने फार सपाट, गाण्याशिवायचे होते. दोन्ही मोजपट्ट्यांना ते कमी पडते. तरी आजही ते जुने वाटत नाही. त्या वर्षीचा बहुतेक डिस्को मात्र जुना वाटतो.

तबकडी का चालली नाही?

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे एचएमव्हीने ती काढली. आकाशवाणीवर तिचे काही भाग वाजले. पण विक्री झाली नाही. रागसंगीत ऐकणाऱ्याला डिस्को नको होता, डिस्कोवर नाचणाऱ्याला ललत नको होता, आणि दुकानदाराला ती कुठल्या खणात ठेवावी हे कळणे कठीण होते. वाद्यसंगीताच्या तबकड्या घेणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकालाही यात ओळखीचे गाणे सापडले नाही.

यावर चरणजित सिंग यांनी आरडाओरडा केल्याचे दिसत नाही. ते पुन्हा स्टुडिओत आणि बँडकडे वळले. त्यानंतर काही वर्षांतच चित्रपटसंगीताचे तंत्र पालटले. सिंथेसायझर आणि संगणक जोडून एकटा प्रोग्रॅमर संपूर्ण गाणे उभे करू लागला. नव्वदच्या दशकात मोठे वाद्यवृंद आटले, व्हायोलिनवादकांच्या रांगा घरी बसल्या. जी गोष्ट चरणजित सिंग यांनी हौसेने घरी करून पाहिली, तीच त्यांच्या पिढीच्या पोटावर आली. त्या तबकडीबद्दल बोलताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

मग ती परत कशी आली?

नेदरलँड्समधले संग्राहक एडो बाउमन जुन्या हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्या शोधत भारतात हिंडत असत. २००२ मध्ये दिल्लीत त्यांच्या हाती ही तबकडी लागली. ऐकल्यावर त्यांना पहिली शंका आली ती सालाची. त्यांनी मुंबईत चरणजित सिंग यांना गाठले, आणि २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या कंपनीतर्फे तबकडी पुन्हा काढली. शंका सगळ्यांनाच आली. एफेक्स ट्विन या नावाने काम करणाऱ्या इंग्रज संगीतकाराने जुन्या तबकडीच्या नावाखाली केलेली ही थट्टा असावी, अशी अफवाही उठली.

शंकेचे कारण शिकागोत होते. तिथल्या ‘फ्युचर’ नावाच्या गटाने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली. बंद पडल्यामुळे स्वस्तात मिळालेले ३०३ घेऊन ती केली होती. यंत्राच्या खुंट्या वाजतानाच फिरवत राहायचे, त्यामुळे आवाज चिरकत, वितळत जातो. या एका तबकडीतून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार निघाला आणि १९८८ मध्ये तो ब्रिटनभर पसरला. मुंबईची तबकडी त्याहून पाच वर्षे आधीची. तीच यंत्रे, तोच सरळ चार मात्रांचा ठेका, तोच घसरता बास.

मग ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला का?

पुनर्प्रकाशनानंतर जगभरच्या वृत्तपत्रांनी असेच मथळे दिले. ते खरे नाही. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकलेली असण्याची शक्यता जवळपास शून्य, आणि १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी ऐकावे असे शिकागोत काही तयारच झाले नव्हते. ज्याचा पुढच्यावर परिणाम झाला नाही, त्याला जनक म्हणता येत नाही. शिवाय ८०८ आणि ३०३ त्या सुमारास इतरही अनेकांच्या हाती होती. ८०८ च्या जोरावर आफ्रिका बंबाटा यांचे ‘प्लॅनेट रॉक’ आणि मार्विन गे यांचे ‘सेक्शुअल हीलिंग’ ही दोन्ही गाणी १९८२ मध्येच गाजली.

भारतातले पहिले इलेक्ट्रॉनिक संगीत हेही त्यांच्या खात्यावर टाकता येत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर उभारून दिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी तिथे केलेली ध्वनिमुद्रणे पुढे २०२३ मध्ये अल्बमरूपात आली. राग आणि पाश्चात्त्य वाद्ये यांची सांगड तर त्याही आधीची. मूळचे गोव्याचे, मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारित रचना मुंबईत सादर केल्या होत्या. तेही वाद्यवृंदातलेच वादक, आणि त्यांचा प्रयोगही फार काळ टिकला नाही.

‘पहिला’ हे बिरुद काढून टाकले तरी चरणजित सिंग यांचे काम लहान होत नाही. उलट ते नीट दिसू लागते. ज्या यंत्राचे काय करावे हे कंपनीलाही उमगले नव्हते, त्याच्याकडे ते रागाच्या अंगाने गेले. शिकागोच्या तरुणांनी तेच यंत्र खुंट्या पिळून पिळून वाकवले. दोन टोकांनी निघालेल्या माणसांना एकच आवाज सापडला, कारण यंत्राची घडण एक होती आणि दोघांनीही त्याच्याकडून बास गिटारची नक्कल मागितली नाही.

शेवटची वर्षे

पुनर्प्रकाशनामुळे सत्तरीतल्या चरणजित सिंग यांना परदेशातून बोलावणी येऊ लागली. युरोपातल्या महोत्सवांत आणि क्लबांत त्यांनी हे राग प्रत्यक्ष वाजवले. समोरचा श्रोता विशी-पंचविशीतला, तबकडी निघाली तेव्हा जन्मलाही नसलेला. लग्नाच्या आणि पार्ट्यांच्या मांडवांत अनेक वर्षे वाजवलेल्या माणसाला नाचणारी गर्दी नवी नव्हती. फरक इतकाच, की या गर्दीने फर्माईश केली नाही. ती भैरवी आणि ललत ऐकायलाच तिकीट काढून आली होती.

पत्नीच्या निधनानंतर काही महिन्यांतच, जुलै २०१५ मध्ये, मुंबईत वयाच्या ७४ व्या वर्षी चरणजित सिंग गेले. निधनाच्या बातम्यांत ठळक उल्लेख होता तो १९८२ मध्ये न खपलेल्या दहा रागांच्या तबकडीचा. वाद्यवृंदात बसून वाजवलेली चित्रपटगीते त्या खाली, एकदोन ओळींत आली होती.